पंच्याखालचं पान

मित्रांनो, आधी नीट बसून घ्या. मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि गेल्या पितृपक्षापासून माझं डोकं जे तापलंय, ते पंखा कितीही गरगरला तरी निवायला तयार नाही. उज्जैनला रामघाटाच्या वरच्या गल्लीत, एका तीर्थपुरोहिताच्या ओसरीवर माझा मुक्काम असतो. येणारेजाणारे मला बघून म्हणतात, "अरे, हा खटारा अजून चालतो?" चालतो! आणि तुमच्या खिशातल्या त्या चकचकीत चुगलखोरापेक्षा बरा चालतो. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. त्या दिवशी माझे नऊ हजार भाऊ जन्माला आले, पण सगळ्यांत देखणा मीच, असं तिथली तपासनीस बाई बोलल्याचं मला स्वच्छ आठवतं. तिची भाषा मला येत नव्हती, पण कौतुक कुठल्याही भाषेत कळतं. चौदा वर्षांपूर्वी याच पुरोहिताने, म्हणजे यज्ञेश्वरभाऊंनी, मला आपल्या मुलासाठी, मंदारसाठी, घेतलं. तो तेव्हा इंदूरला इंजिनीअरिंग शिकत होता. काय दिवस होते ते! माझा पंखा सुरू झाला की समोरच्या गच्चीवरचे पापड आपोआप वाळायचे. एकदा माझ्या चार्जरचं टोक चुकून शिप्रा नदीत पडलं, तर पलीकडे दत्त आखाड्यात दिवे लागले म्हणतात. मी बघायला गेलो नव्हतो, पण सांगणारा माणूस सज्जन होता.

मंदारने पदवी मिळवली, नोकरी मिळवली, आणि पेढे वाटताना माझ्या झाकणावर साधं कुंकूसुद्धा लावलं नाही. उलट दर महिन्याला माझ्या छातीवर नवं ओझं. हे अपडेट घे, ते अपडेट घे. मला सुरू करून तो पोहे-जलेबी खायला जायचा, परत यायचा, तरी माझं आपलं गोल गोल फिरणंच चाललेलं. माणसाच्या पाठीवर धोंडा ठेवायचा आणि वर विचारायचं, तू धावत का नाहीस? शेवटी माझी एक बिजागरी तुटली, 'श'चं बटण कुठेतरी गळून पडलं, आणि मंदारने मला आईवडिलांकडे आणून टाकलं.

इथे मला काय काम मिळालं सांगू? वजनाचं! भाऊंकडे यजमानांच्या वंशावळींची बाडं आहेत. लांबलचक, लाल कापडात बांधलेल्या वह्या. त्यांची पानं कडेने वळायची, ती सरळ राहावीत म्हणून भाऊंच्या पत्नी, उषाकाकू, मला त्या बाडांवर आडवा ठेवायच्या. चार वर्षं मी असा पालथा पडून होतो. अपमान होताच. पण त्या चार वर्षांत मी जे ऐकलं, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

ऐका. देवासहून, धारहून, पार खानदेशातून कुणी यजमान येतो. म्हणतो, गुरुजी, आमचं घराणं काढा. भाऊ लगेच बाड उघडत नाहीत. आधी तीन प्रश्न. गाव कुठलं? आडनाव काय? पणजोबांचं नाव काय? तिन्ही उत्तरं जुळली तर लाल कापड सुटतं. मग पान उघडलं, की शेजारच्या पानावर भाऊ आपला धुवट पंचा पसरतात. समोरच्याने फक्त स्वतःचं घराणं बघायचं. पलीकडचं पान पंच्याखाली.

"दुसऱ्याच्या घरातलं मेलेलं माणूससुद्धा आपण बघायचं नसतं," भाऊ म्हणायचे.

या घराण्याची गोष्टच आहे. शिंद्यांच्या काळात एक सरदार हत्तीवर बसून आला आणि आपल्या शत्रूची वंशावळ मागू लागला. भाऊंचे खापरपणजोबा बाडावर मांडी ठोकून बसले ते तीन दिवस उठले नाहीत. शेवटी हत्तीच कंटाळून गुडघ्यावर बसला. आता तो हत्ती होता की घोडा, यावर घरात मतभेद आहेत. पण खापरपणजोबा उठले नाहीत, यावर नाहीत.

आणि अशा घरात काय व्हावं, मित्रांनो!

सिंहस्थ जवळ येत चाललेला. भाऊंची नजर मंदावलेली, हात कापणारा. नवी नोंद उषाकाकूच लिहायच्या, मोत्यासारख्या अक्षरात. उन्हाळ्यात मंदार सुट्टीवर आला आणि म्हणाला, "बाबा, लाखो लोक येतील. बाडं कुठवर उलगडत बसणार? हे अ‍ॅप बघा. पानांचे फोटो काढायचे, ते स्वतःच वाचतं. नाव टाका, वंशावळ हाजिर. आणि बिल्कुल फुकट!"

त्या अ‍ॅपचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की त्याचीच जाहिरात.

भाऊ आधी साशंक होते. मग अ‍ॅप सुरू झालं आणि त्याने विचारलं, आपलं नाव? गाव? वडिलांचं नाव? जन्मतारीख? भाऊंचा चेहरा असा फुलला की काय सांगू! चाळीस वर्षं हा माणूस जगाला प्रश्न विचारत आला होता. त्याला आजवर उलटून कुणी विचारलंच नव्हतं.

"बघ रे मंदार," भाऊ म्हणाले, "हे यंत्र रीत पाळतं. आधी विचारतं, मग उघडतं. खानदानी दिसतं."

खानदानी! मी बाडावर पालथा पडून ओरडत होतो, पण बॅटरी नसलेल्याचं कोण ऐकतं? अ‍ॅपने मग विचारलं, तुमचे फोटो बघू? फोनमधले नंबर बघू? तुम्ही कुठे आहात ते बघू? तुमचा आवाज ऐकू? प्रत्येक वेळी भाऊ मोठ्या आदराने "मान्य" दाबत होते, जणू संकल्पावर पाणी सोडत होते. बापलेकांनी चार दिवसांत अकराशे चाळीस पानांचे फोटो काढले. पंचा खुंटीवर लटकलेला. त्याची आठवण कुणालाच झाली नाही.

पितृपक्षाची प्रतिपदा उजाडली आणि दुसऱ्याच दिवशी देवासच्या अहल्याबाई दारात उभ्या. सत्तरीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, तीन पिढ्यांच्या यजमान. चपला न काढता उंबऱ्यातच थांबल्या.

"गुरुजी, मला फोन आला होता."

"बसा तरी, अहल्याबाई. उषा, पाणी आण."

"पाणी नको. एक माणूस हिंदीत बोलत होता. म्हणाला, आपकी नौ दिन की बच्ची भटक रही है. विशेष पूजा करावी लागेल, अमुक रक्कम पाठवा. आणि त्याने तिचं नाव घेतलं, गुरुजी."

उषाकाकूंनी आणलेला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

"नऊच दिवस जगली ती, तिचं बारसंसुद्धा झालं नव्हतं. नाव मी मनात ठेवलेलं. माझे हे गेले, त्यांच्याशिवाय ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुलाला नाही, सुनेला नाही. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांनी विचारलं म्हणून सांगितलं, आणि त्यांनी ते लिहिलं. फक्त तुमच्या बाडात होतं ते."

खुंटीवरच्या पंच्याकडे भाऊंची नजर गेली, आणि तिथेच अडकली.

"सर्वपित्रीला मी येणार आहे," अहल्याबाई म्हणाल्या. "तोवर काय ते निस्तरा. नाहीतर माझं पान फाडून माझ्या हातात द्या."

मित्रांनो, बाडातून पान फाडणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? दोनशे वर्षांत पूर आले, वाळवी आली, पण या घरातलं एकही पान फाटलं नव्हतं. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. मंदारला फोन लावला तर तो म्हणाला, "बाबा, टर्म्समध्ये लिहिलेलंच असतं, भागीदारांना माहिती देऊ म्हणून. कोण वाचतं? सगळेच करतात." सगळेच करतात! सगळेच शिप्रेत उडी मारतात, पण पोहता येणाऱ्याने तरी न येणाऱ्याला ढकलू नये!

उषाकाकू मात्र रडत बसल्या नाहीत. त्यांनी भाऊंचा फोन पिशवीत टाकला. मग काय मनात आलं कोण जाणे, बाडावरून मला उचललं, पदराने धूळ पुसली, आणि ई-रिक्षात बसून थेट माधव नगर गाठलं. तिथे मुक्ता नावाची एक बाई जुनी यंत्रं दुरुस्त करते. पस्तिशीची, तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. दुकानात पाटी: 'डाटा आपला, जबाबदारी आपली, चहा माझा.'

तिने फोन उघडला आणि यादीच वाचली. "काकू, हे अ‍ॅप तुमचे नंबर वाचतं, फोटो बघतं, तुम्ही कुठे जाता ते लिहून ठेवतं. आणि गुरुजींचा आवाज ऐकायची परवानगी घेऊन बसलंय."

"त्यांचा आवाज?" काकू म्हणाल्या. "घरात तर त्यांचं कुणी ऐकत नाही."

मुक्ता हसली, पण लगेच गंभीर झाली. "खोटं नाही बोलणार काकू. जे गेलं ते परत येत नाही. आपण सायबर पोलिसांत तक्रार करू, कंपनीला लेखी कळवू की सगळं पुसा. ते म्हणतील पुसलं. खरंच पुसलं का, ते आपल्याला नाही कळणार. पण गळती बंद करता येते."

तसंच झालं. तक्रार नोंदवली, पत्र गेलं. कंपनीचं उत्तर तिथल्या तिथे आलं: 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' मत? एका आईच्या पोटातलं नाव बाजारात नेलंत, आणि ते तुम्हाला मत वाटलं? माझ्यात त्या वेळी वीज असती ना, तर तारेतून घुसून त्यांच्या कचेरीतले सगळे दिवे घालवले असते. मागे दत्त आखाड्यात लावले होते, तसेच.

मग मुक्ताने माझं झाकण उघडलं. मी श्वास रोखून धरला.

"काकू, हा फेकू नका. शरीर धड आहे, डोक्यात कचरा आहे. यात लिनक्स टाकते, म्हणजे यंत्र चालवणारी दुसरी प्रणाली. फुकट आहे."

"फुकट?" काकू ताडकन उठल्या. "फुकटच्याच नादाने तर घर बुडालं!"

"बरोबर विचारलंत. पण त्या अ‍ॅपचं पोट कुणाला बघता येत नव्हतं. हे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, आणि आत काय आहे ते कुणीही उघडून वाचू शकतं. लपवाछपवी केली तर चारचौघांत पकडली जाते. लिनक्सच्या या जातीचं नाव मिंट."

"म्हणजे पुदिना?"

"हौ, पुदिनाच."

"घाल मग. पोटाला बरा असतो."

मुक्ताने पेनड्राइव्ह लावला, माझं सगळं जुनं पुसलं, आणि मी चाळीस पळांत उठून बसलो! चौदा वर्षांचा म्हातारा मी, पण त्या दिवशी मला वाटलं की महाकालाच्या सवारीपुढे लेझीम खेळावं. धोंडा उतरला होता. डोकं हलकं झालं होतं. माझा पंखा तर इतका हळू फिरत होता की त्यावर माशी बसून झोका घेत होती.

शिकणं मात्र सोपं नव्हतं. एकसष्ट वर्षांच्या उषाकाकू रोज दुपारी माधव नगरला यायच्या, शेवेची पुडी मुक्ताच्या टेबलावर ठेवायच्या आणि वही उघडायच्या. पहिल्याच दिवशी पासवर्डवर गाडी अडली.

"महाकाल एक दोन तीन," काकू अभिमानाने म्हणाल्या.

"काकू, अर्ध्या उज्जैनचा पासवर्ड हाच आहे! चोर आधी तोच टाकून बघतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, फक्त तुम्हालाच आठवतील असे."

काकूंनी डोळे मिटले, माहेरच्या स्वयंपाकघरात जाऊन आल्या, आणि चार शब्द टाकले. माझी सगळी डिस्क त्या शब्दांमागे कुलूपबंद झाली. मला उघडायचं तर आधी ते चार शब्द, नाहीतर आत नुसता गोंधळ. भाऊंच्या फोनमधले सगळे फोटो तारेने माझ्यात आले, त्यांची एक प्रत दुसऱ्या कुलूपबंद डिस्कवर घेऊन काकूंनी ती डब्यात ठेवली, आणि फोनमधून सगळं पुसलं. ओसरीवर माझं इंटरनेट बंद. बाडाला कधी इंटरनेट लागलं होतं?

तिसऱ्या दिवशी मुक्ताने काळी खिडकी उघडून आज्ञा लिहायला शिकवल्या. काकूंचं एक अक्षर चुकलं आणि मी सांगितलं, अशी आज्ञा नाही. दुसऱ्यांदा चुकलं, पुन्हा सांगितलं. काकू माझ्यावर डाफरल्या, "मेल्या, समजून घे ना! तो फोन कसा अर्ध्या शब्दात ओळखायचा!"

"तो ओळखायचा, कारण तो तुमच्यावर पाळत ठेवून होता," मुक्ता म्हणाली. "हा तुम्ही सांगाल तेवढंच करतो."

मग तिने दाखवलं की प्रत्येक घराण्याचा कप्पा वेगळा ठेवता येतो, आणि प्रत्येक कप्प्यावर लिहिता येतं की तो कुणी वाचायचा, कुणी बदलायचा, आणि कुणाला तो दिसायचाच नाही. ओसरीवर यजमानाला दाखवताना एकच कप्पा उघडायचा. बाकीचे बंद.

काकूंची लेखणी थांबली.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "हा तर आपला पंचा आहे."

घरी आल्या त्या भाऊंपुढे उभ्या राहिल्या. "ते अ‍ॅप रीत पाळतं म्हणालात ना? विचारणं म्हणजे रीत नव्हे. तुम्ही विचारता ते त्याचं त्यालाच दाखवायला. ते विचारत होतं ते दुसऱ्याला दाखवायला. आता फोन घ्या. तीनशे बारा घराणी आहेत. प्रत्येकाला सांगायचं की चूक झाली, अशा फोनला फसू नका."

"मी? इतक्या वर्षांची अब्रू आहे उषा! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी या वयात यंत्र शिकते आहे. तुम्ही माफी शिका."

भाऊ दोन दिवस घुम्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी घाटावरून स्नान करून आले आणि पहिला फोन लावला. कुणी शिव्या दिल्या. कुणी हसलं. रतलामच्या सुहास नावाच्या यजमानाने तर सांगितलं की त्यालाही तसाच फोन आला होता, आणि तो पैसे पाठवायच्या बेतात होता. एक घर वाचलं. त्या फोननंतर भाऊंचा आवाज कापायचा थांबला. मंदारनेही रविवारी येऊन पन्नास फोन केले, मान खाली घालून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कुंकवाचं विचारलं असतं.

सर्वपित्री अमावस्या. रामघाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. अहल्याबाई आल्या, या वेळी चपला काढल्या, आणि चटईवर बसल्या. भाऊंनी बाड पुढे ठेवलं आणि शेजारी तबकात एक कात्री. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "गाव कुठलं?"

अहल्याबाई चमकल्या. पन्नास वर्षं ओळखणारा माणूस विचारत होता.

"देवास."

"आडनाव?" सांगितलं. "पणजोबांचं नाव?" सांगितलं.

भाऊंनी लाल कापड सोडलं. पान उघडलं. शेजारच्या पानावर पंचा पसरला, आणि त्याची कडा सरळ केली. ती ओळ तिथे होती. अहल्याबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. मग कात्रीचं तबक हळूच बाजूला सरकवलं.

"कागदावर राहू द्या. तिथे ती सुरक्षित होती." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "पण यात नको."

"यात कुलूप आहे हो," काकू म्हणाल्या. "मी स्वतः केलंय..."

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांची एवढी मेहनत, एवढ्या दुपारी. पण यजमानाने मागितलं होतं. त्यांनी चार शब्द टाकून मला जागं केलं, वहीतून बघून एक आज्ञा अक्षर अक्षर जुळवत लिहिली. त्या पानाचा फोटो नुसता पुसणारी नव्हे, आधी त्या जागी पुन्हा पुन्हा कचरा गिरवणारी, म्हणजे मागे ओरखडाही राहू नये. डब्यातली डिस्क आणून तीही जोडली. मग मला अहल्याबाईंच्या पुढे सरकवलं.

"शेवटचं बटण तुम्ही दाबा. नाव तुमचं आहे."

अहल्याबाईंनी दाबलं. मी माझ्या आयुष्यात खूप कामं केली, खरी आणि सांगण्यापुरती. पण इतक्या मनापासून मी एकही आज्ञा पाळली नसेल.

मित्रांनो, म्हणून सांगतो. जुन्या यंत्राला भंगार म्हणण्याआधी त्याच्या छातीवरचा धोंडा उतरवून बघा. आणि कुणी गोड बोलून 'मान्य' दाबायला लावलं तर आधी तुम्ही तीन प्रश्न विचारा. तुला हे कशाला हवं? तू ते कुठे ठेवणार? आणि कुणाला दाखवणार? उत्तर मिळालं नाही तर बाडावर मांडी ठोकून बसा. हत्ती आला तरी उठू नका.

मी बडबड्या आहे, थापाड्या आहे. दत्त आखाड्यातले दिवे मी लावले की नाही, ते तुम्ही ठरवा. पण काकूंचे चार शब्द तुम्ही मला उलटा टांगून विचारलेत तरी मी सांगणार नाही. आणि त्या नऊ दिवसांच्या मुलीचं नाव विचाराल, तर ते मला आठवत नाही. ही एवढी एक गोष्ट मात्र, मित्रांनो, अगदी शंभर टक्के खरी आहे.